युक्रेनच्या गोळ्या घातलेल्या लेखकांना वाचायला सुरुवात कशी करायची

१९३० च्या दशकात स्टालिनच्या सोव्हिएत राजवटीनं मारलेल्या युक्रेनी लेखकांना वाचायचं तर पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या मरणापासून सुरुवात करू नका. नेटवर स्टालिन आणि युक्रेनी लेखक असं शोधलं की आधी फोटोंची रांग येते, खाली जन्ममृत्यूची सालं, आणि कितीतरी जणांचं शेवटचं साल १९३७. बघून गलबलून येतं खरं, पण एकही नाव लक्षात राहत नाही. त्यापेक्षा एक कथा वाचा, मिकोला ख्विलोवीची ‘मी (रोमान्स)’, १९२४ ची, एका बैठकीत होते. क्रांतीच्या नावानं लोकांना मृत्युदंड देणाऱ्या एका न्यायमंडळाचा प्रमुख स्वतः गोष्ट सांगतोय आणि पकडून आणलेल्या नन्सच्या घोळक्यात त्याची आई उभी दिसते. पुढचं सांगत नाही, वाचाच. फक्त एवढं डोक्यात असू द्या की हे लिहिणारा माणूस क्रांतीचा विरोधक नव्हता, पार्टी मेंबर होता, मनापासून कम्युनिस्ट होता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अवघड ते हेच आहे.

कथा झाली की मग थोडा इतिहास घ्या, फार नको. १९२३ पासून सोव्हिएत सरकारनंच युक्रेनी भाषेला शाळा, ऑफिसं, छापखाने सगळीकडे वाव दिला होता, आणि त्यामुळे दहाएक वर्षं तिथं लिहिणाऱ्यांचा नुसता पूर आला. ख्विलोवी उघड म्हणायला लागला की आपल्या साहित्यानं मॉस्कोकडे नाही तर युरोपकडे बघावं. एप्रिल १९२६ मध्ये खुद्द स्टालिननं युक्रेनमधल्या पक्षाचा प्रमुख कागानोविच याला पत्र लिहिलं आणि त्यात ख्विलोवीचं नाव घेऊन तक्रार केली. बघा, देशाचा सर्वेसर्वा एका कथाकाराच्या लेखांवर पत्र लिहितोय. १९२८ ला त्याची लेखकसंघटना ‘वाप्लिते’ बंद पडली, १९३० ला खार्किवच्या ऑपेरा हाऊसमध्ये ४५ बुद्धिजीवींवर जाहीर खटला चालवला गेला, आणि १९३२-३३ मध्ये युक्रेनमधला तो भयंकर दुष्काळ. हा क्रम पाठ नसला तरी चालेल, पण दुष्काळ आणि लेखकांच्या अटका एकाच काळातल्या आहेत हे विसरू नका, वेगवेगळं वाचलं तर काहीच कळत नाही.

आता मॅप उघडा आणि खार्किवमधली ‘स्लोवो’ नावाची बिल्डिंग शोधा. १९३४ पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी खार्किव होती, आणि लेखकांसाठी १९२० च्या दशकाच्या शेवटी ही ६६ फ्लॅटची सोसायटी बांधली. सगळे एकाच छपराखाली, म्हणजे नजर ठेवायलाही सोपं. मे १९३३ मध्ये इथूनच ख्विलोवीचा मित्र मिखाइलो यालोवी याला उचलला. १३ मे ला ख्विलोवीनं मित्रांना घरी बोलावलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन स्वतःला गोळी घातली. चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं की यालोवीची अटक म्हणजे आख्ख्या पिढीला घातलेल्या गोळ्या आहेत. तेव्हा त्याचे बहुतेक मित्र अजून मोकळे फिरत होते हे लक्षात घ्या. बिल्डिंग आजही आहे, मार्च २०२२ च्या रशियन माऱ्यात तिचं नुकसान झालं.

त्यानंतर वालेरियान पिद्मोहिल्नीची ‘शहर’ ही १९२८ ची कादंबरी घ्या, इंग्रजीत मिळते. खेड्यातून कीव्हला शिकायला आलेला स्तेपान रादचेन्को, शिकून गावाचं भलं करीन म्हणणारा, हळूहळू शहराचाच होऊन जातो आणि वाटेत बायकांना कसा वापरत जातो ते लेखकानं अजिबात न लपवता लिहिलंय. राजकारण फार नाही, म्हणूनच वाचा, कारण हे लोक नुसते शहीद नव्हते, चांगले लेखक होते. नाटकाची आवड असेल तर मिकोला कुलिशचं ‘मिना माझाइलो’ बघा, आपलं युक्रेनी आडनाव बदलून रशियन थाटाचं करायला निघालेल्या कारकुनाची कॉमेडी, दिग्दर्शक लेस कुर्बासनं ती स्टेजवर आणली होती. कविता मात्र मशीन ट्रान्सलेशननं वाचू नका, माती होते, माणसानं केलेला अनुवादच शोधा. आणि शोधताना युक्रेनी स्पेलिंग टाका, निकोलाय नाही, मिकोला.

तारखांच्या बाबतीत जपून. स्टालिन गेल्यावर नातेवाइकांना जे मृत्यूचे दाखले दिले त्यातले कितीतरी खोटे होते, आजारानं वारले वगैरे लिहून सरकारनं वेगळंच साल टाकलेलं. कुर्बासचं साल जुन्या नोंदींत १९४२ दिसेल. प्रत्यक्षात तो, कुलिश, पिद्मोहिल्नी आणि लॅटिनचा मोठा जाणकार कवी मिकोला झेरोव्ह, चौघांनाही ३ नोव्हेंबर १९३७ या एकाच दिवशी रशियाच्या कारेलिया भागातल्या सांदारमोखच्या जंगलात गोळ्या घातल्या. सोलोव्की बेटांवरच्या छावणीतून आणलेल्या १,१११ कैद्यांना त्या काही दिवसांत मारलं. ही जागा १९९७ मध्ये सापडली, आणि ती शोधणाऱ्यांपैकी युरी दिमित्रियेव्ह आज रशियात तुरुंगात आहे. झेरोव्ह छावणीतही व्हर्जिलच्या ‘इनीड’ या लॅटिन महाकाव्याचा अनुवाद करत होता, ते हस्तलिखित काही मिळालं नाही.

चौकशीचे कबुलीजबाब आता छापलेले मिळतात, पण ते चरित्र म्हणून वाचू नका. ते मारून, धमकावून घेतलेले, शब्द बऱ्याचदा चौकशी अधिकाऱ्याचेच. ओलेक्सा व्लिझ्को या कवीला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं, वय २६, त्याला डिसेंबर १९३४ मध्ये दहशतवादी ठरवून मारलं, त्याच खटल्यात कथाकार ह्रिहोरी कोसिंकालाही. न्यूयॉर्कच्या निर्वासित युक्रेनी लेखकांनी १९५४ ला हिशोब मांडला होता की १९३० मध्ये २५९ जणांचं लेखन छापून येत होतं आणि १९३८ नंतर त्यातल्या फक्त ३६ जणांचं.

जे जिवंत राहिले त्यांनाही वाचा, पाव्लो तिचिना तर नक्कीच. त्याच्या १९१८ च्या सुमाराच्या कविता आणि १९३३ मध्ये पार्टीच्या ‘प्राव्दा’ या वर्तमानपत्रात आलेली ‘पार्टी पुढे नेते’ ही कविता शेजारी ठेवल्या की भीती माणसाच्या लिहिण्याचं काय करते ते कुणी वेगळं सांगावं लागत नाही. इव्हान बाहर्यानी याची ‘गेथसेमनीची बाग’ मात्र अगदी शेवटी ठेवा. तो तुरुंगातून सुटून पुढे जर्मनीत गेला आणि खार्किवच्या कोठडीतलं सगळं त्यानं तिथं बसून लिहिलं. जाडजूड आहे, छळाची वर्णनं पानंच्या पानं आहेत, आणि आधीचे लेखक वाचून झालेले असले की त्या कोठड्यांत कोण कोण बसलं असेल ते तुम्हाला नावानिशी माहीत असतं.