मुठीतली चिठ्ठी: नर्सिंगच्या मुलींसाठी सिम्युलेशन असं घ्या

संत्र्यात इंजेक्शन टोचून मुलींचा हात बसतो, पण वॉर्डात जिवंत पेशंट समोर आला की तोच हात थरथरतो. मी सोलापुरात जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या मुलींना शिकवते. एक बेड, एक चादर आणि पेशंट बनायला शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात राहणाऱ्या आमच्या मावशी, एवढ्यावर माझं सिम्युलेशन, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून घेतलेला सराव, चालतं. (सीपीआरला मात्र पुतळाच हवा. धडधाकट माणसाची छाती दाबायची नाही.)

माझा हुकमी प्रसंग सांगते. विड्या वळणारी बाई, शुगरची पेशंट. सकाळी इन्सुलिन घेतलं आणि उपवास म्हणून पोटात काही नाही. पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून मावशींच्या कपाळावर, तळहातांवर फवारा. दरदरून घाम सुटल्यासारखं दिसतं. त्यांनी बरळायचं तेलुगूतच: ‘नीळ्ळु, नीळ्ळु’, म्हणजे पाणी, पाणी. पुढे वॉर्डात काय सगळे मराठीच बोलणार आहेत? ग्लुकोमीटरचा आकडा, ४८, चिठ्ठीवर लिहून माझ्या मुठीत. ‘शुगर तपासते’ म्हटलं तरच चिठ्ठी मिळते.

सुरुवातीला सामान कुठे आहे ते दाखवा, इथे चुकलं तर मार्क जात नाहीत हेही सांगा. मग भिंतीला टेकून गप्प उभं राहा. हेच सगळ्यात अवघड. परवा एकीने पाणी पाजलं, दोनदा बीपी घेतलं, वहीने वारा घातला. सोलापूरचा एप्रिल, तिला वाटलं ऊन लागलंय. चिठ्ठी माझ्या मुठीत भिजली, पण मी तोंड उघडलं नाही.

प्रसंग दहा मिनिटांचा, तर चर्चा वीस मिनिटांची. आधी ‘कसं वाटलं?’ विचारा, रडू आलं तर येऊ द्या. ‘शुगर का नाही तपासलीस?’ म्हणाल तर पोरगी मिटते. ‘घाम बघून मनात काय आलं?’ म्हणा. मग नियम: ७० च्या खाली शुगर, पेशंट शुद्धीत आणि गिळता येतंय, तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. गिळता येत नसेल तर तोंडातून काहीही नाही, डॉक्टरांना बोलवा. मावशींनाही बोलू द्या. त्या म्हणाल्या, ‘मला हात तर लावलीच नाहीस की गं.’

तोच प्रसंग त्याच दिवशी पुन्हा घ्या, जरा फिरवून. या खेपेला मावशी हाकेला ओ देईनात. पोरीने आधी त्यांचा हात धरला, मग माझ्याकडून चिठ्ठी घेतली. ग्लुकोजचा ग्लास उचललाही होता; मावशींच्या तोंडाकडे बघून खाली ठेवला आणि दाराकडे वळून ओरडली, ‘डॉक्टर!’