एडिंबऱ्याच्या फ्रिंजमध्ये सर्वांत जास्त शो बघायची पैज? या चुका टाळा

ऑगस्ट जवळ आला की आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींत हेच सुरू होतं. मुलं ब्रिटनमध्ये, आई-बाबा भेटायला निघालेले, आणि एडिंबरा फ्रिंज या स्कॉटलंडमधल्या नाटक-विनोदाच्या महोत्सवात जास्तीत जास्त विनोदी शो कोण बघतो याची पैज. पैज छानच आहे. १९४७ साली एडिंबऱ्याच्या मुख्य महोत्सवाचं आमंत्रण नसताना आठ नाटकमंडळ्या आपणहून तिथं पोचल्या आणि हा महोत्सव उभा राहिला. आता तिथं तीन हजारांच्या वर कार्यक्रम होतात. पण दरवर्षी आपली माणसं त्याच त्याच चुका करतात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे शोला शो चिकटवणं. माझ्या भाच्यानं तेच केलं. एक शो काउगेटच्या तळघरात, सव्वासातला संपणारा. पुढचा साडेसातला जॉर्ज फोर्थ ब्रिजवर. नकाशात दोन्ही ठिपके एकमेकांना खेटून. मी फोनवर बजावलं होतं, "अरे, ते गाव दुमजली आहे! काउगेट खाली आणि पूल त्याच्या डोक्यावरून जातो." ऐकतो कोण! पहिला शो उशिरा सुरू झाला, उशिरा संपला. गर्दीतून वाट काढत, जिना शोधत, धापा टाकत तो वर पोचला तर दार बंद. उशिरा येणाऱ्याला बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत, पैसेही परत मिळत नाहीत. चिडून त्यानं शेजारचा भलताच शो धरला आणि त्यापायी नऊचं तिकीटही वाया घालवलं.

शो बहुधा तासाभराचे असतात, म्हणून लोक तासाला एक असा हिशेब मांडतात. मी दोन शोंमध्ये पाऊण तास सोडते आणि अर्धा दिवस एकाच भागात काढते. प्लेझन्स कोर्टयार्डमध्ये एका अंगणाभोवती कितीतरी खोल्या आहेत. रांगेत वेळेवर उभं राहता येतं. आमच्या इंदूरच्या सानंद या मराठी संस्थेच्या प्रयोगाला प्रेक्षकांचा गट ठरलेला असतो, तसं तिथं काही नसतं. खुर्च्यांना बहुतेक ठिकाणी नंबर नसतात, आधी येईल तो आधी बसेल.

दुसरी चूक मला खरोखर खटकते: आकडा वाढवायला अर्ध्यातून उठणं. तीस-चाळीस माणसांची खोली, समोर एकटा कलाकार, आणि तुम्ही त्याच्या डोळ्यांदेखत गुडघे चुकवत बाहेर पडता. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, प्रत्येक ठेल्यावर एकेक घास घेऊन बाकीचं टाकून देण्यासारखंच हे. अर्धा पाहिलेला शो मोजायचाच नाही, हा नियम पैजेच्या आधीच ठरवा. फुकट शोच्या शेवटी कलाकार दाराशी बादली घेऊन उभा राहतो. ती चुकवून पळू नका, त्याचा खर्च त्यातूनच निघतो. मी सुट्टे पाउंड वेगळ्या खिशात ठेवते.

पहिल्याच दिवशी रात्री अकराचा शो घेऊ नका. थकल्या कानांना स्कॉटिश उच्चार कळत नाहीत. कलाकाराच्या गप्पांत ओढलं जायचं नसेल तर पहिली रांग टाळा. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, कारण वारा फार. आणि नवे बूट घालून तर मुळीच जाऊ नका.