पीसझडीआधीची तयारी

कोजागिरीच्या सुमारास आमच्या इंदूरच्या घराचं अंगण उशी फाटल्यासारखं कोंबड्यांच्या पिसांनी भरतं. हीच पीसझड, जुनी पिसं गळून नवी येण्याचा काळ. पहिल्या वर्षी रोग आला म्हणून मी घाबरले होते. आता नवरात्रातच तयारीला लागते.

आधी वय पाहा. साधारण दीड वर्षाची कोंबडी पहिल्यांदा सगळी पिसं टाकते. मुख्य कारण थंडी नव्हे, आखडता दिवस: जूनमधला साडेतेरा तासांचा उजेड डिसेंबरात आपल्याकडे पावणेअकरावर येतो. अंड्यांसाठी खुराड्यात रात्री दिवा लावू नका, तिला विसावा घेऊ द्या.

अंडी थांबली म्हणून खुराक तोडणं ही सर्वांत मोठी चूक. पीस म्हणजे ८० ते ९० टक्के प्रथिन. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, ते १६ टक्क्यांच्या आसपास असतं, या दिवसांत १८ ते २० हवं. माळव्यात सोयाबीनला तोटा नाही, पण कच्चं कधीही घालू नका, त्याने प्रथिनं पचत नाहीत. सोयाबीनची पेंड आणून रोजच्या खाद्यात थोडी मिसळा. अधूनमधून उकडलेलं अंडं कुस्करून द्या, बिनमिठाची सुकट मिळाली तर उत्तमच. मका-तांदूळ हात आखडून. शिंपल्यांची भरड वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढी ती स्वतः टिपते.

पिसं गळण्याआधीच उवा तपासा. शेपटीखालची पिसं फुंकरीने उघडा. बुडाशी पांढरे गुच्छ दिसले तर ती उवांची अंडी. आमच्या कडकनाथच्या काळ्या पिसांवर ती लगेच उठून दिसतात. लाल किडे मात्र दिवसा फळ्यांच्या फटीत लपतात, म्हणून रात्री टॉर्च घेऊन जा. कोंबड्यांना अंग घोळायला राखमातीचं घमेलं कोरड्या जागी ठेवा.

झड डोक्या-मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे जाते. नुसती पाठ उघडी पडली असेल तर दुसऱ्या कोंबड्या टोचत असतील. नवी पिसं निळसर सुयांसारखी फुटतात, त्यांत रक्त असतं. माझ्या बोटाचा ओझरता स्पर्श झाला तरी आमची म्हातारी कोंबडी अंग चोरून कण्हली होती. तेव्हा उचलणं, नवी कोंबडी कळपात सोडणं, जागा बदलणं, सगळं पुढे ढकला.

उत्तरेच्या वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, वरची हवेची फट मोकळी ठेवा. आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणून पहिलं पीस पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. खाणंच सोडलं, तुरा जांभळा पडला किंवा श्वास घरघरू लागला, तर ती पीसझड नाही, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.