घरघर की टकटक? आधी कान लावा

खानापूर-निपाणीकडे घरच्या घरी भजनाचं रेकॉर्डिंग करणारी मंडळी आता बरीच आहेत. हेडफोनमध्ये नको तो आवाज आला की लगेच नवी केबल आणू नका, आधी तो नीट ऐका.

सलग ‘हंऽऽ’ अशी घरघर असेल, तर दोष बहुधा अ‍ॅनालॉग बाजूला, म्हणजे आवाज विजेच्या लहरींच्या रूपात नेणाऱ्या तारांत. आपली वीज 50 हर्ट्झची, तीच तारेत शिरते. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा, लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. दोन्हीकडे बॅलन्स्ड (बाहेरून शिरलेली घरघर गाळणारं) सॉकेट असेल तर जॅकवर दोन काळ्या रेघा असलेली केबल घ्या. एक रेघ म्हणजे साधी. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे तो.

मधूनच ‘टक्, टक्’ वाजत असेल, तर डिजिटल जोडणी, म्हणजे आवाज आकड्यांच्या रूपात नेणारी जोडणी, तपासा. दोन टाळकऱ्यांनी आपापली लय धरली की भजन मोडतं, तसंच इथं. एका यंत्राचं क्लॉक (लय धरणारं आतलं घड्याळ) ‘इंटर्नल’, म्हणजे स्वतःचं, दुसऱ्याचं ‘एक्स्टर्नल’, म्हणजे पहिल्याच्या लयीवर चालणारं ठेवा, आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो दर) दोन्हीकडे एकच, उदाहरणार्थ 48 किलोहर्ट्झ. कोअ‍ॅक्शियल एसपीडिफला (एका गोल पिनेच्या तारेतून जाणारी डिजिटल जोडणी) 75 ओहमची केबल लागते. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी चालून जाते, लाल-पांढरी नको.