जुनं .३२ पिस्तूल अडतंय? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

निवडणूक आटोपते, ठाण्यात जमा केलेली हत्यारं परत मिळतात आणि आमच्या दुकानात एकच वाक्य सुरू होतं: "भाऊ, पिस्तूल अटकून रायलं, पार्ट बदलून द्या." कोणता पार्ट, ते विचारलं की गप्प. घाई मात्र भारी. वॉल्थर पीपी (१९२९) घ्या, नाहीतर बेल्जियमच्या एफएन कंपनीचं १९१० मॉडेल. ही पोलादी पिस्तुलं सहजासहजी झिजत नाहीत. त्यांची वाट लावतात ती मळ, मॅगझिन आणि मालकाचे हात. या तीन गोष्टी तपासून होईपर्यंत मी नवीन पार्टाचं नावही काढत नाही.

सगळ्यात आधी, मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाशी बसलेला) राउंड, म्हणजे काडतूस, तिथेच असतो. मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे घ्या, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून खात्री करा. कंटाळा येत असेल तर हा नाद सोडा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: तेल. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार वडिलांच्या नावावरून स्वतःच्या लायसन्सवर घेतलेली पीपी घेऊन आले. तक्रार अशी की मे महिन्यात रेंजवर झकास चालली आणि जानेवारीत घोडा पडतो, पण राउंड फुटत नाही. प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठोका बसतो त्या टिकलीवर, नखाएवढीही खूण नीट उमटत नव्हती. येण्याआधी त्यांनी दुसरीकडून घोड्याची स्प्रिंग जास्त कडक करून घेतली होती. तरी फरक पडला नाही, म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून फायरिंग पिनच (घोड्याचा ठोका प्रायमरवर पोचवणारी सळई) घडवून आणली!

स्लाइड उघडून पिन बाहेर काढली तर तिच्या वाटेत पांढरं काहीतरी थिजलेलं. वास घेतला. खोबरेल. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा ते पाण्यासारखं पातळ असतं आणि जानेवारीतल्या पहाटे पारा १० च्या आसपास आला की पिनेला जागचं हलू देत नाही. आधीची पिन ठणठणीत होती, बिचारी थिजलेल्या खोबरेलात रुतली होती.

पण खरा घोळ नवीन पिनेचा होता. साध्या लोखंडाची, पाणी न दिलेली, म्हणजे कडक न केलेली. ठोके खाऊन तिचं टोक पसरलं होतं आणि ब्रीचच्या (स्लाइडचा काडतुसामागे टेकणारा भाग) भोकात अडकून पुढे डोकावत होतं. अशा पिनेवर भरलं मॅगझिन लावून स्लाइड सोडली तर चाप न दाबता राउंड फुटू शकतो. शिवाय शस्त्र कायद्यात, म्हणजे १९५९ च्या, हत्याराचे सुटे भागही 'शस्त्र'च धरले जातात. त्यामुळे लेथवाला आणि घडवून घेणारा, दोघंही अडकले असते. मी जुनी पिन आणि जुनी स्प्रिंग परत बसवली, वाट साफ केली, काम झालं. नवा पार्ट शून्य. साहेबांना ते काही पटलं नाही, त्यांना वाटलं मी काहीच केलं नाही.

माझी सवय सांगतो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन पिनेची वाट धुतो, पाइप क्लीनरने पुसतो आणि कोरडीच ठेवतो. कापूस घालत नाही, त्याचे धागे मागे राहतात. तेल फक्त स्लाइडच्या खाचांना, तेही टूथपिकच्या टोकावर राहील तेवढंच. खोबरेल डोक्याला लावा.

दुसरं दुखणं मॅगझिनचं. .३२ एसीपीच्या, म्हणजे या पिस्तुलांच्या काडतुसाच्या, पुंगळीला मागे किंचित बाहेर आलेली कड असते. वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचा राउंड पुढे सरकतच नाही. लोक मग स्लाइडवर हातोडी मारतात किंवा नळीच्या तोंडाशी कानस फिरवतात. कानस फिरली की संपलं, घासलेलं पोलाद परत येत नाही. भरताना प्रत्येक राउंड मागे पूर्ण सरकवा, पण त्याची कड खालच्या कडेच्या पुढेच राहील असं बघा. आखूड गोळीच्या काडतुसांना मॅगझिनमध्ये मागेपुढे हलायला जागा मिळते, तिथे हा त्रास जास्त. अडकलंच तर मॅगझिन बाहेर काढून राउंड काढा. पिस्तुलात असताना स्क्रूड्रायव्हरने ढोसू नका.

दोन मॅगझिन असतील तर नेलपॉलिशने खुणा करा. एकाच मॅगझिनवर अडत असेल तर पिस्तुलाला हात लावायचं कारण नाही. त्या मॅगझिनचे ओठ (वरच्या राउंडला धरणाऱ्या दोन कडा) पसरलेत किंवा स्प्रिंग मेली आहे. ओठ पक्कडने वाकवणारे शूरवीर पाहिलेत मी. एक ओठ नीट होतो, दुसरा बिघडतो.

पुंगळी बाहेर पडत नाही म्हणून एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) मागू नका. ही ब्लोबॅक पिस्तुलं आहेत, पुंगळी मुख्यतः दाबानेच मागे येते. आधी चेंबर ब्रशने साफ करा.

स्लाइड जड लागते म्हणून रिकॉइल स्प्रिंगचे (स्लाइड परत पुढे ढकलणारी स्प्रिंग) वेढे कापू नका. सगळा मार मग फ्रेमवर बसतो.

पीपीच्या रिकॉइल स्प्रिंगचं एक टोक जरा आवळ असतं. तेच आधी नळीवर चढवायचं. एफएनच्या १९१० मॉडेलमध्ये नळीच्या तोंडाची गोल टोपी स्प्रिंगच्या ताणाखाली असते. बोट निसटलं की ती डोळ्यात किंवा कपाटामागे. मी चष्मा लावतो आणि पारदर्शक पिशवीत हात घालून उघडतो. व्हिडिओवाल्याला ते दोन सेकंदांत जमतं, कारण त्याने ते शंभरदा केलेलं असतं.

कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसं पिस्तुलात चालत नाहीत. आकडा सारखा, काडतूस वेगळं.

चामड्याच्या पाकिटात (होल्स्टरमध्ये) पिस्तूल पावसाळाभर ठेवाल तर गंज चढणारच. चामडं ओल धरतं.

चाप आणि सिअरचं (चाप दाबेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग) काम घरी करूच नका. ते दुरुस्तीचं लायसन्स असलेल्याचंच काम. आणि नवीन भाग बसवून आणलात की रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच राउंड भरा, मग दोन. सिअर धरत नसेल तर एकदा चाप दाबल्यावर दोन्ही जातील. पूर्ण भरलेलं मॅगझिन असलं तर थांबवायला कोणी नाही.