नाशिकच्या डोंगरात कॅमेरा घेऊन जाताय? कपडे असे निवडा

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे आता डोंगरात दबा धरून बसतो तो कॅमेरावाला नाहीतर दुर्बीणवाला. काम मात्र बरंचसं तेच, अंधारात निघायचं, घाम गाळत चढायचं आणि मग कड्याच्या टोकाला दोन-दोन तास मुकाट बसून राहायचं, गिधाडं कधी उठतात ते बघत. ट्रेकवाला चालत राहतो म्हणून गरम राहतो, आपण घामेजून बसतो आणि वारा लागला की कुडकुडतो. म्हणून सगळ्यात आधी डोक्यात हे पक्कं करा की चढायचे कपडे वेगळे आणि बसायचे वेगळे, आणि बसायचे कपडे वर पोचेपर्यंत बॅगेतून काढायचेच नाहीत.

आधी थंडीचा अंदाज घ्या

हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा डिग्री कमी होतात. नाशिक 600 मीटरच्या आसपास, अंजनेरीचा माथा 1280 च्या आसपास, म्हणजे चार-साडेचार डिग्रीचा फरक धरा, साल्हेरचा किल्ला तर 1567, तिथे अजून जास्त. पण डिसेंबर-जानेवारीत उलटंही होतं, रात्रीची थंड हवा खाली दरीत साचते आणि पायथ्याच्या गावातच जास्त गारठा असतो, वर पोचल्यावर मात्र वाऱ्याने कान जातात. त्यामुळे मोबाइलवर नुसता आकडा बघू नका, वाऱ्याचा वेगही बघा.

मग आतला कपडा

कॉटनची बनियन घरी ठेवा. घाम शोषते आणि वाळतच नाही, मग तीच ओली बनियन पाठीला चिकटून बसते आणि वरून कितीही महाग जॅकेट घातलं तरी थंडी आतूनच वाजते. साधा पॉलिस्टरचा ड्राय-फिट टीशर्ट पुरतो, नाशिकच्या बाजारात शालिमार किंवा मेन रोडला मिळणारा स्वस्तातलाही चालतो, त्याला ब्रँड लागत नाही. एक जास्तीचा कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बॅगेत टाका आणि वर पोचलात की आधी तो बदला, कॅमेरा नंतर काढा. लाज वाटत असेल तर दगडाआड जा पण बदला. चढायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजत असेल तर ते बरोबर आहे, पहिल्या दहा मिनिटांत गरम व्हायला होतं.

बसायचे कपडे

फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं जॅकेट) किंवा आईने विणलेला लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट, कानटोपी आणि बोटं मोकळी राहतील असे हातमोजे, एवढंच. जॅकेट दुकानात घेतानाच बाह्या एकमेकांवर घासून बघा, जे विंडचिटर खर्रर्र वाजतं ते आपल्या कामाचं नाही, तुम्ही हात हलवला की समोरचा पक्षी उडालाच. दगडावर बसायला फोमचा तुकडा किंवा जुनं पोतं घ्या, खालून येणारी थंडी जॅकेटने अडत नाही.

पँट, आणि कुसळांचा प्रश्न

जीन्स नको, गुडघ्यात अडते आणि हरिहर किल्ल्यासारख्या उभ्या पायऱ्यांवर पाय उचलताना तर फारच, शिवाय भिजली की जड होते. गुळगुळीत कापडाची कार्गो पँट उत्तम. पावसाळा संपला की डोंगरउतारावर कुसळी गवत वाळतं आणि ती कुसळं लोकरीत, फ्लीसमध्ये, जाड विणीच्या मोज्यात अशी घुसतात की काढता काढता बोटं सोलतात. म्हणूनही फ्लीस चालताना घालायचं नाही, आणि पँटची कड मोज्याच्या वरून खाली सोडायची, आत खोचायची नाही.

रंग

पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा बारीक दिसतात, तेव्हा लाल, पिवळा, पांढरा टाळा. दिवाळीनंतर डोंगर वाळक्या गवताचा होतो तेव्हा खाकी, मातकट, तपकिरी, आणि पावसात शेवाळी. तरी खरं सांगू का, रंगापेक्षा हालचाल जास्त नडते, खाकी घालून चुळबुळ करणाऱ्यापेक्षा निळ्या शर्टात गप्प बसलेला बरा. काळा रंग मात्र नकोच, कड्यांवर आग्या मोहोळ असतं आणि त्या माश्या चवताळल्या की गडद रंगावर आधी येतात, आणि उग्र वासानेही चवताळतात, म्हणून सेंट-परफ्यूमलाही सुट्टी. लष्करी ठिपक्यांचे कपडेही नकोत. देवळालीची लष्करी छावणी जवळ आहे, फौजी समजून कोणी हटकलं तर सकाळ तिथेच जायची.

पावसाळ्यात

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात कोरडं राहीन असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या, जाड रेनकोटमध्ये माणूस आतून घामानेच भिजतो. पोंचो सपाटीवर ठीक, पण वाऱ्यात फडफडतो आणि उभ्या चढावर आपलेच पाय दिसत नाहीत, तिथे कमरेपर्यंतचं जॅकेटच घ्या. घरी परतायचा कपड्यांचा जोड मात्र गाडीत ठेवा, टॉवेलसकट.

बूट

ग्रिप चांगली हवी, बाकी सगळं नंतर. आपल्याकडे कॅनव्हासचे हंटर शूज पुष्कळ जण वापरतात, हलके असतात आणि लवकर वाळतात. नवे बूट थेट डोंगरावर नेऊ नका, आधी चार-आठ दिवस गंगापूर रोडला चालायला घाला. दुपारनंतर खरेदीला जा, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात, आणि जे मोजे डोंगरात घालणार तेच घालून माप बघा. उतरताना अंगठा पुढे आपटत असेल तर एक नंबर मोठा घ्या.

आदल्या रात्री सगळं अंगावर चढवून गच्चीवर जा, उकिडवे बसा, हात वर करा, हातमोजे घालून कॅमेऱ्याचं बटण दाबून बघा. जिथे काचतं किंवा वाजतं तो कपडा तिथेच बदला.