पासवर्ड हिस्टरी लावलीत, पण मिनिमम एज शून्यच आहे ना?

पासवर्ड बदलायची सक्ती केली की लोक काय करतात, बदलतात आणि पाच मिनिटांत गोल फिरून परत जुनाच ठेवतात. ते थांबवायचं असेल तर एक नाही, दोन सेटिंग लागतात: पासवर्ड हिस्टरी (शेवटचे किती पासवर्ड पुन्हा वापरता येणार नाहीत) आणि मिनिमम एज (एकदा बदलल्यावर किती दिवस पुन्हा बदलता येणार नाही), आणि दुसरी बरेच जण विसरतात.

विंडोजवर स्टार्टमध्ये 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' शोधा (होम एडिशनमध्ये ती नसते, प्रो लागतं), मग अकाउंट पॉलिसीज, त्यात पासवर्ड पॉलिसी. तिथे 'एन्फोर्स पासवर्ड हिस्टरी' असतं, 0 ते 24 आकडा चालतो. सुट्या मशीनवर मुळात 0 असतो म्हणजे काहीच लक्षात ठेवलं जात नाही, सरळ 24 करा. मशीन डोमेनमध्ये (ऑफिसच्या एका सर्व्हरवरून चालणाऱ्या नेटवर्कमध्ये) असेल तर इथे खटपट करू नका, डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत बदला, चालणार तीच.

आता खरी गंमत. 24 केलंत, पण त्याखालचं 'मिनिमम पासवर्ड एज' 0 राहिलं तर एखादा चिवट माणूस एकाच बैठकीत चोवीस वेळा पासवर्ड बदलून पुन्हा आपल्या लाडक्या पासवर्डवर येतो, आणि करतात हो लोक असं! तिथे 1 दिवस टाका, मग त्याला तेच करायला तीन आठवड्यांच्या वर लागतात, तेवढा पेशन्स कोणाला नसतो.

ॲडमिनने पासवर्ड रीसेट केला तर हिस्टरी तपासलीच जात नाही, शिवाय एज 1 असल्यामुळे युजरला तो त्या दिवशी बदलताही येत नाही. म्हणून रीसेट करताना 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला' या ऑप्शनवर टिक कराच.

लिनक्सवर हेच काम पॅमचं (PAM, लॉगिन आणि पासवर्ड तपासणारी यंत्रणा) पीडब्ल्यूहिस्टरी मॉड्यूल करतं, 'रिमेंबर'ला आकडा द्यायचा, न दिल्यास 10 धरतो. रूटला (लिनक्सचा मुख्य ॲडमिन युजर) सूट असते, ती नको असेल तर 'एन्फोर्स फॉर रूट' (enforce_for_root) पण लिहा. मिनिमम दिवस 'चेज' (chage) कमांडने प्रत्येक युजरला लावा, कारण लॉगिन डेफ्स (login.defs) फाइलमधला बदल फक्त नवीन युजरना लागतो, जुने तसेच मोकळे राहतात.

एक मात्र आहे, सिस्टीम जुन्या पासवर्डचे फक्त हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड कळत नाही असा सांकेतिक ठसा) ठेवते, त्यामुळे शेवटचा 1 काढून 2 केला तर हिस्टरीच्या लेखी तो नवाच पासवर्ड. लिनक्सवर पीडब्ल्यूक्वालिटी मॉड्यूल निदान सध्याच्या पासवर्डशी तुलना करतं, तेही लावून टाका. आणि पॅमच्या फाइलला हात लावायच्या आधी दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूट लॉगिन उघडं ठेवा, एक ओळ चुकली तर स्वतःच बाहेर अडकाल.